कडावची एसटी आणि पेठवाला

परवा भाच्याने फोटो पाठवले. तो बॉस्टनजवळ राहतो. तिथल्या एका स्की क्लबबरोबर चार दिवस व्हरमाँटच्या डोंगरात गेला होता. एक बस, अडतीस माणसं, तीन रिसॉर्ट्स. सगळ्यांचे चेहरे टोप्या-गॉगलच्या आड, त्यामुळे आपला दिवटा कोणता हे त्याने बाण काढून दाखवलं होतं. खाली प्रश्न, "मामा, तुमच्या वेळी असलं काही होतं का?"

हसूच आलं. आमच्या कडावला बर्फ यायचा तो लग्नाच्या सरबतासाठी, कर्जतहून, भुसा लावून गोणपाटात गुंडाळलेला. पण बर्फ सोडला तर बाकी सगळं होतं. डोंगर होते, घोळक्याने डोंगरात जाणारी माणसं होती, वर्गणी होती, गाडी होती. भाच्याला फोनवर सांगायला बसलो आणि सांगता सांगता एका जागी अडखळलो. ती जागा इथे लिहून टाकायची म्हणतोय. पण त्याआधी थोडा इतिहास.

ज्यांनी कडाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कशेळ्याच्या अलीकडे आमचं गाव. बाहेरच्यांना ठाऊक असतं ते बाल दिगंबर गणपतीमुळे. गावाच्या एका अंगाला माथेरानचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला सह्याद्रीची मोठी भिंत, जिच्यावर भीमाशंकर. म्हणजे डोंगर बघायला आम्हाला कुठे जावं लागलं नाही. डोंगर बघायला जाणारे मात्र कायम आमच्या दारावरून गेले.

त्यातले सगळ्यात जुने म्हणजे महाशिवरात्रीचे. कशेळ्यावरून खांडसला जायचं आणि तिथून शिडी घाटाने नाहीतर गणेश घाटाने भीमाशंकर चढायचं. शिडी घाट उभा, छातीवर येणारा. गणेश घाट लांबचा पण सोसणारा. आमची आजी कायम गणेश घाटाने गेली आणि शिडीने जाणाऱ्यांना कायम वेडी म्हणाली. वर पोचल्यावर नाना फडणवीसांच्या काळचं शिखर, आणि चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर, आलेली ती मोठी पोर्तुगीज घंटा. यात्रेत पुढे चालायला वाट माहीत असलेला कुणीतरी असे. त्याला पैसे मिळत नसत, पण वर पोचल्यावर पहिला प्रसाद त्याच्या हातावर पडे. आजी त्यांची नावं घेऊन सांगायची, अमक्या साली अमका होता. हे मला तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं.

मग साहेब आला. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने डोंगर चढून गेले आणि माथेरानचा 'शोध' लागला असं आपण शाळेत शिकलो. धनगर, ठाकर, कातकरी त्या डोंगरावर आधीपासून वावरत होते, त्यांना बिचाऱ्यांना आपण हरवलोय हे माहीत नव्हतं. सहाच वर्षांनी, १८५६ मध्ये, रेल्वे खोपोलीपर्यंत आली. मुंबईची मंडळी नेरळला उतरून वर जायला लागली. वर जायची म्हणजे चालत नव्हे हो! कुणी घोड्यावर, कुणी पालखीत, कुणी खुर्चीत बसून. खुर्ची आपोआप चढत नाही, तिच्या खाली खांदे लागतात. १९०७ मध्ये अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी नेरळ-माथेरान गाडी सुरू केली. एकवीस-एक किलोमीटरची वळणावळणाची ती गाडी आली तरी खांद्यांचं काम संपलं नाही. मोटारी दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे पुढे हातरिक्षा. माणसाने माणसाला ओढायची ही रिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते ऑगस्ट २०२५ मध्ये. मॅलेट साहेबांपासून मोजलं तर पावणेदोनशे वर्षं.

याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. आमचे भाई कोतवाल. शिकून वकील झाले, आणि १९४२ साली वकिली बाजूला ठेवून आझाद दस्ता घेऊन जंगलात शिरले. मुंबईला वीज नेणारे मनोरे या दस्त्याने पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दर वर्षी २ जानेवारीला काळोखात तिथे माणसं जमतात, मीही गेलोय. दोघांची नावं तिथे मोठ्याने घेतली जातात आणि अंगावर काटा येतो. पण मला दर वेळी वाटतं, त्या जंगलात डोक्यावर बक्षीस असलेल्या माणसांना कुणीतरी भाकरी पोचवत होतं ना? रात्री, पायवाटेने, पकडले गेलो तर काय होईल हे माहीत असून. त्यातल्या किती जणांची नावं आपण घेतो?

आता क्लबांकडे येतो, भाच्याचा प्रश्न त्यांच्याबद्दलच होता. मुंबईत १९५४ साली 'गिरीविहार' ही संस्था सुरू झाली, पुण्यात १९८२ साली 'गिरीप्रेमी'. मधल्या काळात आणि नंतर कॉलेजांतून, बँकांतून, कारखान्यांतून अशा अनेक संस्था निघाल्या. गो. नी. दांडेकरांनी मराठी माणसाला किल्ल्यांचं वेड लावलं होतंच. शनिवारी रात्री मुंबईहून लोकल पकडायची, कर्जत स्टेशनवर पेपर पसरून झोपायचं आणि पहाटेची पहिली एसटी. याच क्लबांतली माणसं पुढे हिमालयात गेली. 'गिरीविहार'ची मंडळी १९८८ मध्ये कांचनजंगाच्या मोहिमेवर गेली. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, महाराष्ट्रातले पहिले. सुरुवात मात्र अनेकांची आमच्याकडच्या पेठसारख्या किल्ल्यांवर झाली.

पेठ म्हणजे पुस्तकातला कोथळीगड. आंबिवलीहून चढायचं, अर्ध्या वाटेवर पेठ गाव, त्याच्यावर एक सुळका. सुळक्याच्या पोटात कोरीव खांबांची गुहा, आणि सुळका आतून कोरून काढलेला उभा जिना. संभाजी महाराजांच्या काळात इथे शस्त्रसाठा असे. १६८४ मध्ये मोगलांनी गड घेतला आणि तो परत मिळवताना नारोजी त्रिंबक कामी आले.

आणि इथे माझी ती अडखळण्याची जागा येते.

१९८३ चा जानेवारी. मी मुंबईत कॉलेजात, दादरला काकांकडे राहत होतो आणि एका हायकिंग क्लबात नुकताच शिरलो होतो. क्लबाचं नाव सांगत नाही, दोष त्यांचा नव्हता. मी कडावचा आहे हे मी तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं. का, हे आज नीट सांगता येत नाही. त्या मुलांचं इंग्रजी, त्यांचे बूट, त्यांच्या सॅक. मला त्यांच्यातला एक व्हायचं होतं, ज्यांच्या दारावरून ते जातात त्यांच्यातला नाही. हाईक ठरली पेठची. आम्ही चौदा जण. कर्जतहून एसटी निघाली, कडावच्या थांब्यावर थांबली. मी सॅकची बंदं बांधायला खाली वाकलो आणि गाडी सुटेपर्यंत वाकूनच राहिलो.

आंबिवलीला टोप, शिधा आणि लाकडं वर न्यायला एक माणूस ठरवला. काळा, सडपातळ, चाळिशीचा. डोक्यावर टोप घेऊन आमच्या पुढे अनवाणी चालला होता. मी त्याला बघताक्षणी ओळखलं. दर पावसाळ्यात आमच्याकडे भाताच्या लावणीला येणारा, पडवीत आमच्याच भिंतीला टेकून जेवणारा. त्यानेही ओळखलं. पहिल्या चढावर थांबून म्हणाला, "कडावचे ना तुम्ही? धाकले?"

मी म्हटलं, "नाही. मुंबईचा."

तो काही बोलला नाही. टोप सारखा केला आणि चालू लागला. दिवसभर त्याने पाणी आणून दिलं, चुलीला दगड लावले, जिन्यात पाय कुठे ठेवायचा ते एकेकाला दाखवलं. मलाही. संध्याकाळी आंबिवलीत पैसे घेऊन निघताना माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आईला सांगा, पेठवाला भेटला व्हता."

मी आईला सांगितलं नाही. त्या वर्षी लावणीला तो आला की नाही, हेही मी कधी विचारलं नाही. पावसाळ्यात मी गावी गेलोच नाही.

क्लबाच्या वार्षिक अंकात त्या हाईकचा वृत्तांत मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून. तो अंक अजून माझ्याकडे आहे, फोन झाल्यावर माळ्यावरून काढला. चौदाही जणांची नावं आहेत, आडनावासकट. डोईजड खर्च किती, चढायला वेळ किती, गुहेत खांब कसे, सगळं आहे. नारोजी त्रिंबकही आहेत. आणि एका ओळीत, 'एका स्थानिक वाटाड्याची मदत झाली.' बस्स. खाली फोटो, त्यात आम्ही चौदा.

बरं, नाव लपवलं म्हणावं तर तसंही नाही. मला ते माहीतच नव्हतं! आमच्या घरी सगळे त्याला पेठवालाच म्हणायचे. लहानपणापासून ज्याच्या हातची लावणी खाल्ली त्याला घरात कुणी नावाने हाक मारली नाही. क्लबवाले निदान परके होते.

तेनसिंगचं आठवलं. १९३५ च्या मोहिमेत ओझी वाहणारा म्हणून तो एव्हरेस्टच्या डोंगरात पहिल्यांदा गेला, आणि १९५३ नंतर त्याचं नाव हिलरीच्या नावाला जोडून जगभर गेलं. पण त्यासाठी थेट एव्हरेस्टच्या टोकावर उभं राहावं लागलं. पेठचा सुळका त्यासाठी पुरत नाही.

आणि आमच्याच तालुक्यात याच्या उलटंही आहे. राजमाचीच्या पायथ्याला, कोंढाणे लेण्यात, दोन हजार वर्षांपूर्वीचा एक छोटा ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढंच सांगणारा. राजा कोण, दान कुणाचं, असलं काही त्यात नाही. छिन्नी चालवणाऱ्याचं नाव मात्र आहे. त्याने ते स्वतः कोरलं की कुणी कोरू दिलं, पण आहे. मी त्या लेण्यात चार-पाच वेळा तरी गेलोय आणि दर वेळी गाईडच्या थाटात सोबतच्यांना तो लेख दाखवलाय. पेठवाल्याची आठवण एकदाही झाली नव्हती.

असो. भाच्याला मी एवढंच विचारलं, की तुमच्या बसचा ड्रायव्हर कोण होता रे? त्याला वाटलं मामा म्हातारा झाला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, 'विचारून सांगतो.'

हे वाचणाऱ्यांत ट्रेकची वर्णनं लिहिणारे बरेच जण आहेत. ज्याच्या घरी जेवलात त्याचं नाव लिहा, वहीत एक ओळ जास्त लागते. आणि कडाव-कशेळ्याच्या आपल्या नातेवाइकांसाठी एक काम आहे. साधारण १९७० ते १९८३ या काळात आपल्याकडे लावणीला पेठहून एक माणूस यायचा. सडपातळ, डाव्या कानात बाळी. आई आता नाही, पण तुमच्या घरात अजून कुणी म्हातारं माणूस असेल तर जरा विचारा, त्याचं नाव काय होतं. वार्षिक अंकाची माझी प्रत इथे टेबलावर उघडी आहे. चौदा नावांच्या खाली एक ओळ मोकळी आहे.