मातीचे काम कोण करते?

गच्चीवरच्या टाकीत मी पहिल्याच आठवड्यात वीस चिलापी मासे सोडले. त्यांच्या पाण्यावर वरच्या वाफ्यातला पालक वाढणार होता. दहाव्या दिवशी निम्मे मासे मेले. शेजारचे काका म्हणाले, ‘‘माती नाही, मग ही शेती कसली?’’ टोमणा होता. पण मला त्यात प्रश्न दिसला आणि मी त्याच्या इतिहासात शिरले.

सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट या फ्लेमिश वैद्याने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती घटली जेमतेम २ औंस. झाड पाण्याचेच बनते, असे त्याने ठरवले. हवेचा वाटा त्याला उमगला नाही, आणि ते २ औंस त्याने मोजले, पण जमेस धरले नाहीत. माती झाडाला थोडेच देते. पण त्या थोड्यावाचून अडते. १८६०च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि क्नॉप यांनी हे थोडे म्हणजे काय ते क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवून दाखवले. कॅलिफोर्नियात गेरिक यांनी ही रीत प्रयोगशाळेबाहेर काढली. ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव १९३७चे.

आपल्याकडे १९४६ साली शाल्टो डग्लस यांनी कालिंपाँगला प्रयोग सुरू केले. बंगालच्या दुष्काळाला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. महागडी यंत्रे टाळून खडी-वाळूच्या वाफ्यांवर कोरडे क्षार पसरायचे आणि पाणी द्यायचे, अशी साधी पद्धत त्यांनी बसवली. त्यांच्या १९५१च्या पुस्तकाने ती ‘बंगाल पद्धत’ म्हणून ओळखली गेली. मात्र क्षार विकतच आणावे लागत.

मुंबईने वेगळी वाट धरली. २००२ साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी बाग सुरू केली. श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’चा विचार तिच्यामागे होता. तिथे माती वाहून आणण्यापेक्षा ती घडवण्यावर भर होता. कामगारांच्या जेवणासाठी चिरलेल्या भाज्यांची देठे-साले आणि पालापाचोळा कुजून त्यातूनच खत होई. शहर ज्याला कचरा म्हणते, ते तिथे भांडवल ठरले.

मग माझे मासे का मेले? माशांच्या उत्सर्गात अमोनिया असतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. ते पालक शोषतो. हे जीवाणू टाकीत स्थिरावायला महिना-दीड महिना लागतो. मी घाई केली. कामकरी येण्याआधीच मी पंगत बसवली होती.

क्नॉपचे क्षार, डग्लसची खडी, बंदरावरच्या गच्चीतले खत, माझी टाकी: माती कुठे दूर झाली, कुठे नव्याने घडली, तिचे काम मात्र कुणालाच चुकले नाही. कुठे ते कारखान्याने केले, कुठे डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी. म्हणून कोणी ‘मातीविना शेती’ म्हटले, की मी आता विचारते: मग मातीचे काम कोण करते, आणि त्याची किंमत कोण देते?

दुसऱ्या खेपेला मी सहा आठवडे थांबले. पालकाची पहिली जुडी काकांना दिली.