अर्धा कोयता, डिसेंबर २०१९

शिरोळ तालुका, पहाटेचे चार. समजा, तुम्ही बाई आहात, बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मुकादमाच्या वहीत तुम्ही अर्ध्या.

कोपीतून वाकूनच बाहेर पडावं लागतं. बांबूच्या चटया, वर प्लास्टिकचा कागद, दाराला जुनं लुगडं. भाकरी थापून झाल्या, पोरं अजून झोपलीत. पाणी लांबच्या विहिरीवरून आणायचं. उजाडायच्या आत उसाच्या आडोशाला जाऊन या. दुपारपर्यंत तो आडोसा तुम्हीच तोडून टाकलेला असेल.

फडात शिरलात की ऑगस्टातला महापूर उसावर वाळून बसलेला दिसतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. नदी ५५ फुटांवर गेली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. पुढं नृसिंहवाडीला पंचगंगेला कृष्णा भेटते, आणि त्या फुगवट्यात हा ऊस बुडून राहिला. शेंडे कुजलेत, कांड्यांना पांगशा फुटल्यात, पाचटात कुणाच्या तरी घरच्या चिंध्या अडकल्यात. घाव घातला की वाळका गाळ उडून नाकातोंडात जातो. पदर बांधून घ्या.

मालक बांधावर उभा आहे. त्याची घाई खोटी नाही. बुडीत ऊस आधी गेला तर रान मोकळं होईल, बिल येईल, पडलेली भिंत उभी राहील. पुरानंतर गाव सावरायचं तर आधी हे रान रिकामं व्हायला हवं, आणि ते करताय तुम्ही. पण मजुरी टनावर, अन् कुजका ऊस वजनात भरत नाही. तेवढ्याच मोळ्या, तेवढीच फळीवरची चढ-उतार, पैसे कमी. पंचनामा त्याच्या पिकाचा झाला. तुमच्या घटलेल्या टनांचा पंचनामा कोण करणार?

कमरेत कळ येते.

"मुकादम, दवाखान्यात जाऊन येते."

"जा की. खाडा मांडतो."

खाडा म्हणजे बुडालेल्या दिवसाचा दंड. आधीच घेतलेली उचल फिटायची आहे, त्यात ही भर. प्राथमिक आरोग्य केंद्र काही परदेशात नाही. पुरात याच यंत्रणेनं लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या, पाण्यात टीसीएल पावडर टाकली. पण ओपीडी चालू असते तेव्हा तुम्ही फडात असता. आशाताईंच्या वहीत गावातली घरं असतात, कोप्या नसतात. पोराच्या लशींचं कार्ड गावाकडच्या पेटीत राहिलंय.

शेजारच्या सरीतली हसते. "मी तर पिशवीच काढून टाकली, कटकटच नको." तिशीसुद्धा ओलांडलेली नाही तिनं. याच वर्षी आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीडचे आकडे आले: पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. पाळीच्या दिवसांतही खाडा माफ नसतो, एवढं लक्षात घेतलं की आकड्याचं नवल कमी होतं आणि राग वाढतो.

आता चार महिने पुढं या. एप्रिल २०२०. कोरोनाच्या टाळेबंदीत राज्यभर सव्वा लाखावर तोडकरी कारखान्यांच्या आसपास अडकलेत. महिन्याच्या मध्यावर सरकार घरी जायला परवानगी देतं. अट अशी की कारखान्यानं सगळ्या कुटुंबाची तपासणी करून पाठवायचं. हंगामभर जो आला नाही तो डॉक्टर आता कोपीच्या दारात उभा असतो. ताप? खोकला? घसा? तुम्ही कमरेचं सांगू लागता.

"ते गावाकडं दाखवा, ताई."

मागं रांग मोठी आहे, त्याचाही इलाज नाही. तपासणी झाली, तुम्ही प्रवासाला योग्य ठरलात. भांडी, पोरं, अंथरुणं ट्रकमध्ये चढतात. मुकादम फाळक्याजवळ येऊन विचारतो, पुढच्या सालाला उचल किती धरू.