सरकीवरची लव आणि बंदुकीची दारू

यवतमाळ जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला कापसाची ओळख करून द्यावी लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते, कापूस जिनिंगमध्ये येतो आणि यंत्रातून एका बाजूला रुई पडते, दुसऱ्या बाजूला सरकी. रुईच्या गाठी बांधल्या जातात, सरकी तेलगिरणीत जाते, तिची ढेप गुरांना मिळते. पण जिनिंगमधून निघालेली सरकी हातात घेऊन नीट पाहिली, तर तिच्यावर आखूड तंतूंची दाट लव अजून चिकटलेली दिसते. या तंतूंचे सूत निघत नाही. व्यापारात यांना ‘लिंटर’ म्हणतात. या लवेचा बंदुकीच्या इतिहासाशी फार जवळचा संबंध आहे. तो आपण या लेखात पाहू.

बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लोखंड येते: नळी, चाप, घोडा. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीत जो मोठा बदल झाला, त्याचे मूळ लोखंडात नव्हते. ते नळीत भरायच्या दारूत होते.

धुराचा अडथळा

सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू काही शतके वापरात होती. सोऱ्याकडून ऑक्सिजन मिळतो, कोळसा आणि गंधक हे इंधन. या दारूची अडचण अशी, की जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून कमी भाग वायूरूप होतो. गोळीला ढकलण्याचे काम हा वायूच करतो. उरलेला भाग घन कणांच्या रूपाने काही धुरात जातो, काही नळीला आतून चिकटतो. चार फैरी झाडल्या की समोरचे दिसेनासे होई, आणि धूर कुठून निघतो यावरून शत्रूला मात्र आपला ठावठिकाणा कळे. नळी अरुंद केली तर काजळीने लवकर तुंबे. म्हणून १८७० च्या दशकातल्या सैनिकी बंदुकांच्या नळ्या ११ मिलिमीटरच्या आसपास रुंद होत्या.

कापसाची दारू

ओझोनचा शोध लावणारे रसायनशास्त्रज्ञ शेनबाइन हे स्वित्झर्लंडमधील बाझल येथे प्राध्यापक होते. १८४६ मध्ये त्यांनी नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची कापसावर क्रिया घडवली. स्वयंपाकघरात सांडलेले आम्ल त्यांनी पत्नीच्या सुती अॅप्रनने पुसले आणि वाळत घातलेला अॅप्रन भपकन जळून गेला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, शोध खरा होता. दिसायला साधाच राहिलेला हा कापूस ठिणगी लागताच जवळजवळ धूर न करता नाहीसा होई.

असे का व्हावे? काळ्या दारूत इंधन आणि ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ वेगवेगळ्या कणांत असतात. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याच्या रेणूला नायट्रेट गट जोडले, की इंधन आणि ऑक्सिजन एकाच रेणूत शेजारी येतात. हे नायट्रोसेल्युलोज जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, पाण्याची वाफ असे वायूच तयार होतात. राख उरत नाही.

शोध लागला, पण तो वापरता येईना. इंग्लंडमधील फॅवरशम येथील कारखान्यात जुलै १८४७ मध्ये भीषण स्फोट होऊन अनेक कामगार ठार झाले. ऑस्ट्रियानेही पुढे प्रयत्न केले आणि कोठारांत स्फोट झाल्यावर ते सोडून दिले. साठवलेला माल आपोआप का पेटतो, याचा उलगडा १८६० च्या दशकात फ्रेडरिक एबेल यांनी केला. कापसाचा तंतू आतून पोकळ असतो. वरवर धुतले तरी त्या पोकळीत आम्ल राहून जाते आणि हळूहळू पदार्थाचे विघटन घडवते. एबेल यांनी तंतूंचा बारीक लगदा करून तो भरपूर पाण्याने धुण्याची पद्धत काढली.

तरीही हा पदार्थ इतक्या वेगाने जळे, की बंदुकीची नळीच फुटण्याची भीती असे. यावर १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी तोड काढली. पऱ्हाटीच्या काड्या भुर्रकन जळून जातात, बाभळीचा ओंडका मात्र बाहेरून आत असा सावकाश जळतो, हे आपल्याकडे चुलीपाशी बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. व्हिएय यांनी तेच केले. ईथर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणाने तंतू विरघळवून त्यांचा घट्ट रांधा केला, लाटला आणि त्याच्या चकत्या कापल्या. चकती पृष्ठभागावरूनच थराथराने जळते, आणि तिची जाडी बदलून जळण्याचा वेग ठरवता येतो.

एका दारूमागून अनेक वस्तू

१८८६ मध्ये फ्रेंच सैन्याला ८ मिलिमीटर नळीची लेबेल रायफल मिळाली. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांची बॅलिस्टाइट आणि १८८९ मध्ये एबेल व ड्यूअर यांची कॉर्डाइट ही दारू आली. गोळी लहान झाली, म्हणून सैनिक जास्त काडतुसे बाळगू शकला. तिचा वेग वाढला, म्हणून मऊ शिशावर कठीण धातूचे कवच चढवावे लागले. नळी स्वच्छ राहू लागल्याने मॅक्सिमसारख्या स्वयंचलित तोफा अडखळेनाशा झाल्या. कवचबंद गोळी पुरेशी जखम करत नाही, या तक्रारीवरून कोलकात्याजवळच्या डमडम येथे टोक उघडे ठेवलेली गोळी बनवली गेली. शरीरात पसरणाऱ्या अशा गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेने बंदी घातली.

पोशाखही बदलला. धुराचा पडदा गेला तसे लाल डगल्यातले शिपाई दुरून दिसू लागले. पेशावरकडच्या ‘गाइड्स’ पलटणीने १८४० च्या दशकातच धुळीच्या रंगाचे खाकी कपडे घातले होते. बोअर युद्धानंतर, १९०२ मध्ये, साऱ्या ब्रिटिश सैन्याने खाकी गणवेश स्वीकारला.

वऱ्हाड आणि विदर्भ

याच काळात वऱ्हाड कापसाच्या जागतिक बाजारात ओढला जात होता. १८५३ मध्ये निजामाने तो इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर इकडे वळली. यवतमाळ-मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ नावाने ओळखली गेलेली छोटी रेल्वे पुढे प्रामुख्याने कापसासाठीच बांधली गेली. ऑगस्ट १९१५ मध्ये ब्रिटनने कापसाला युद्धनिषिद्ध माल ठरवले, म्हणजे शत्रूकडे जाणारी गाठ ही तोफगोळ्यासारखीच जप्त करण्याजोगी वस्तू झाली. नाकेबंदीत सापडलेल्या जर्मनीला लाकडाच्या लगद्यातून सेल्युलोज मिळवावे लागले.

स्वतंत्र भारतात १९६० च्या दशकात भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा आयुध कारखाना उभा राहिला. तेथे नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली दारू तयार होते. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथील स्फोटाने कामगारांचे बळी घेतले. फॅवरशमपासून पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, ज्ञान वाढले, पण या पदार्थाचा स्वभाव बदललेला नाही.

आज शस्त्रांच्या बाजारात प्लास्टिकचे काडतूस-कोश, रात्री दिसणाऱ्या दुर्बिणी, कृत्रिम धाग्यांची चिलखते अशा नवनव्या वस्तू येत आहेत. काडतुसात मात्र अजूनही मुख्यतः नायट्रोसेल्युलोजच असते. युक्रेनमधील युद्धामुळे मागणी वाढली, तेव्हा युरोपातील कारखान्यांना यंत्रांइतकीच टंचाई लिंटरची जाणवली. त्यासाठी आपण चीनवर फार अवलंबून आहोत, हे युरोपला २०२४ मध्ये जाहीरपणे मान्य करावे लागले. सरकीवरच्या लवेची किंमत कुठल्या गोष्टींवर ठरते, याचा कापूस पिकवणाऱ्याला पत्ताही नसतो.

वर्गात हा विषय घेताना रासायनिक क्रियेचा प्रयोग मुळीच करू नये. त्याची गरजही नाही. जिनिंगमधून मूठभर सरकी आणावी. मुलांना तिच्यावरची लव भिंगाखाली पाहू द्यावी. मग रुईचा एक तंतू पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. पीळ पडलेल्या चपट्या नळीसारखा तो दिसेल. मध्ये जी पोकळी जाणवते, तिच्यात अडकलेले थोडेसे आम्ल ओळखायला विज्ञानाला वीसेक वर्षे लागली, आणि तोवर कितीतरी कामगार प्राणांस मुकले. तंतू दाखवून झाल्यावर हेही मुलांना सांगावे.