लोणारच्या दगडापासून चंद्राच्या मातीपर्यंत : ग्रहविज्ञानात शिक्षण, नोकऱ्या आणि परिषदा, सगळी माहिती एका ठिकाणी

लोणार : धारेजवळ उभं राहिलं की खाली तळं दिसतं आणि शेजारचा गाईड पर्यटकांना सांगत असतो, "इथं उल्का पडली." आपल्या तालुक्यातल्या पोरांनी हे वाक्य लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेलं असतं. पण उल्का पडली हे सिद्ध कसं झालं, आणि असलं काम करणाऱ्याला पगार कोण देतं, हे फारसं कुणी सांगत नाही. बारावीचा निकाल लागला की घरोघरी नीट, सीईटी आणि पोलीस भरतीची चर्चा सुरू होते. ग्रहविज्ञान हा शब्द त्यात येतच नाही. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

ग्रहविज्ञान म्हणजे नेमकं काय?

ग्रहविज्ञान म्हणजे ज्योतिष नव्हे, आणि नुसतं दुर्बिणीतून तारे बघणंही नव्हे. ग्रह, चंद्र, लघुग्रह, धूमकेतू आणि उल्का कशापासून बनल्या, त्यांची जमीन, हवा आणि पोट कसं आहे, याचा हा अभ्यास आहे. त्यात भूगर्भशास्त्रवाला दगड तपासतो, भौतिकशास्त्रवाला उपकरण बनवतो, रसायनशास्त्रवाला मूलद्रव्यं मोजतो आणि संगणकवाला उपग्रहाचे फोटो वाचतो. म्हणजे या घराला एक नाही, चार दारं आहेत.

लोणारचा इथं काय संबंध?

आपल्याकडे विहीर खोदताना जो काळा पाषाण लागतो, तो बेसाल्ट. चंद्रावरचे काळे डाग बेसाल्टचेच आहेत आणि मंगळाचा मोठा भागही त्याच जातीच्या खडकाचा आहे. पृथ्वीवर बेसाल्टमध्ये झालेली आणि इतकी चांगली टिकलेली आघात-विवरं फारच थोडी, त्यात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं लोणार हे ठळक नाव. चंद्र-मंगळावर जाता येत नाही, म्हणून संशोधक इथं येतात.

हे विवर ज्वालामुखीचं की आघाताचं, यावर बरीच वर्षं वाद होता. १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने तो मिटवला. आघाताच्या प्रचंड दाबाखाली खडकातलं खनिज काचेसारखं होतं, त्याला मॅस्केलिनाइट म्हणतात. ते लोणारच्या दगडात सापडलं. वय मात्र अजून वादात आहे. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं निघतं, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. म्हणजे आपल्या गावाशेजारचा प्रश्न अजून सुटायचा बाकी आहे.

दहावी-बारावीला काय करायचं?

पहिली गोष्ट, गणित सोडू नका. मार्क वाढतात म्हणून अकरावीला गणिताऐवजी दुसरा विषय घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पण गणित सुटलं की पुढची बरीच दारं तिथंच बंद होतात.

नववीत शिकणाऱ्यांसाठी इस्रोचा 'युविका' हा दोन आठवड्यांचा निवासी कार्यक्रम आहे. तो २०१९ मध्ये सुरू झाला. निवड करताना ग्रामीण भागातल्या शाळेत शिकणाऱ्यांना जादा महत्त्व दिलं जातं. शाळेने वेळेवर माहिती दिली तर आपल्या मुलांचा नंबर लागू शकतो. पालकांनी विज्ञानाच्या सरांना आधीच विचारून ठेवावं.

बारावीनंतरचे मुख्य रस्ते असे :

१. तिरुवनंतपुरमची भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयआयएसटी. ही २००७ पासून सुरू आहे. प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणांवर.

२. पुण्यासह देशातल्या आयसर संस्था. त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते.

३. साधी बीएस्सी. हा रस्ता कमी प्रतीचा समजू नका. भौतिकशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र घेऊन चांगली बीएस्सी केली आणि नंतर मोठ्या संस्थेत एमएस्सीला गेलं, असे संशोधक भरपूर आहेत. भूगर्भशास्त्र प्रत्येक कॉलेजात नसतं, हे प्रवेशाआधी तपासा. अमरावती, नागपूर आणि पुणे या तिन्ही विद्यापीठांत भूगर्भशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे.

पदवीनंतरच्या परीक्षा

बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सी करायची तर 'जॅम' ही परीक्षा. ती साधारण फेब्रुवारीत होते. आयआयटी मुंबईत भूविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या भूगर्भशास्त्राच्या एमएस्सीला पदवीत तो विषय लागतो. भूभौतिकीकडे भौतिकशास्त्र-गणितवाल्यांनाही जाता येतं.

एमएस्सीनंतर पीएचडीसाठी नेट, गेट किंवा जेस्ट. सीएसआयआर नेटमध्ये एका विषयाचं नावच 'पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रह विज्ञान' असं आहे. म्हणजे सरकारी परीक्षेत या विषयाला स्वतःची जागा आहे, हे अनेकांना ठाऊकच नसतं. ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार रुपये आणि पुढे ४२ हजार मिळतात, वर घरभाडं. हे दर १ जानेवारी २०२३ पासून लागू आहेत. पीएचडी म्हणजे घरच्यांनी आणखी पाच वर्षं पैसे पाठवायचे, असा समज त्यामुळे दूर व्हावा. याशिवाय बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या पीएचडी विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवायला हवं.

नोकऱ्या कुठं आहेत? खरं चित्र

सरळ सांगायचं तर 'ग्रहवैज्ञानिक पाहिजे' अशी जाहिरात रोज निघत नाही. देशभरात अशा जागा थोड्याच आहेत. त्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, पीआरएल. विक्रम साराभाई यांनी ती १९४७ मध्ये स्थापन केली. आज ती अंतराळ विभागाच्या अखत्यारीत आहे. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवर मातीतली मूलद्रव्यं मोजणारं जे उपकरण होतं, ते पीआरएलचं. चंद्र सुरुवातीला वितळलेल्या खडकाच्या समुद्राने झाकलेला होता, या मताला त्या मोजमापातून बळ मिळालं. तो निष्कर्ष २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला.

इस्रोच्या इतर केंद्रांत शास्त्रज्ञ-अभियंता पदावर मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरचे अभियंते घेतले जातात. मूळ वेतन ५६,१०० रुपये. पदवीला किमान ६५ टक्के गुण लागतात. आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांसाठीही तंत्रज्ञ आणि तांत्रिक सहायकाच्या जागा निघतात. चांद्रयान बनवणारे सगळेच काही पीएचडी नसतात.

काम पुढेही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चंद्राची माती पृथ्वीवर आणणाऱ्या चांद्रयान-४ ला आणि शुक्राभोवती फिरणाऱ्या यानाला मंजुरी दिली. माती आली की ती तपासणारी माणसंही लागणार. आज दहावीत असलेली पोरं तोपर्यंत शिकत असतील.

आता प्रश्न येतो, इतकं शिकून जागा नाही मिळाली तर? इथंच भूगर्भशास्त्र कामाला येतं. यूपीएससी दरवर्षी भूवैज्ञानिकांसाठी स्वतंत्र परीक्षा घेते. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात वर्ग एकची नोकरी मिळते. वय २१ ते ३२, राखीव प्रवर्गांना सवलत. भारतात पडलेल्या उल्का सांभाळण्याचं कामही याच भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, नागपुरात राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे. उपग्रहाच्या फोटोवरून चंद्रावरचं विवर वाचायला शिकलेला माणूस जमिनीखालचं पाणीही शोधू शकतो. बोअर कोरडे जाणाऱ्या आपल्या भागात हे कौशल्य वाया जाणारं नाही.

परिषदा म्हणजे काय आणि त्या कशाला?

या क्षेत्रात ओळखीशिवाय काही होत नाही, असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. ओळख लागते, पण ती वशिल्याची नाही, कामाची. ती होते परिषदेत. वर्षातून दोन-तीन दिवस देशभरचे संशोधक एका ठिकाणी जमतात, केलेलं काम सांगतात, चहाच्या वेळी बोलतात. पीएचडीसाठी मार्गदर्शक आणि पुढच्या कामाची संधी अनेकांना तिथंच सापडते.

विद्यार्थ्याने आधी कामाचा सारांश पाठवायचा. तो तपासून मान्य झाला की भाषण किंवा पोस्टर मिळतं. पोस्टर म्हणजे मोठ्या कागदावर छापलेलं आपलं काम. त्याच्याशेजारी उभं राहायचं, येणाऱ्याला समजावून सांगायचं. स्टेजवर इंग्रजीतून बोलायची भीती वाटणाऱ्यांसाठी पोस्टर चांगलं, कारण एका वेळी एकाच माणसाशी बोलायचं असतं.

देशातल्या महत्त्वाच्या परिषदा :

• भारतीय ग्रहविज्ञान परिषद : पीआरएल भरवते, सुरुवात २०२० पासून. या विषयाची आपल्या देशातली हक्काची जागा.

• राष्ट्रीय अंतराळ विज्ञान परिसंवाद : साधारण दोन वर्षांनी, दर वेळी वेगळ्या ठिकाणी. २०१९ मध्ये तो सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात झाला, २०२४ मध्ये गोवा विद्यापीठात. म्हणजे कधी कधी परिषदच आपल्या दारात येते.

• भारतीय खगोलशास्त्र संस्थेची वार्षिक बैठक : भर खगोलशास्त्रावर, पण सूर्यमालेचं कामही मांडलं जातं.

परदेशातल्या परिषदा :

• चंद्र व ग्रह विज्ञान परिषद : अमेरिकेत टेक्सासमध्ये दर मार्चला. अपोलो-११ ने आणलेल्या चंद्राच्या दगडांवर चर्चा करायला १९७० मध्ये पहिल्यांदा भरली. इथं दोन पानी सारांश लागतो.

• युरोपची युरोप्लॅनेट परिषद : साधारण सप्टेंबरात.

• आशिया-ओशनिया भूविज्ञान संस्थेची परिषद : आशियातल्या शहरात होते, त्यामुळे प्रवास त्या मानाने स्वस्त.

• कोस्पार : दोन वर्षांनी. २०१२ मध्ये म्हैसूरला झाली होती.

खर्चाचं काय?

नोंदणी फी, रेल्वे आणि राहणं, असा तिहेरी खर्च असतो. विद्यार्थ्यांना फी सहसा कमी असते. काही परिषदा राहण्याची सोय किंवा प्रवासाला मदत करतात, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून आणि विद्यापीठाकडूनही पैसे मिळू शकतात. पीएचडी करणाऱ्यांना परदेश प्रवासासाठी केंद्र सरकारच्या योजना आहेत. पहिलीच परिषद परदेशातली करायची घाई नको. आधी अहमदाबाद, मग पुढचं.

फसवणुकीपासून सावध

'इस्रोत इंटर्नशिप', 'नासाचं सर्टिफिकेट' असं सांगून पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. जाहिरातीत छापलेल्या अर्जाच्या शुल्काखेरीज कुणाला एक रुपया देऊ नका. नासाची कायम सरकारी नोकरी अमेरिकी नागरिकालाच मिळते, त्यामुळे तसं आश्वासन देणारा एजंट खोटाच समजा. नावात 'आंतरराष्ट्रीय' लिहिलेल्या सगळ्या परिषदाही खऱ्या नसतात. सारांश पाठवल्या दिवशीच 'मान्य' म्हणून फी मागितली, आयोजक संस्था कोण हे कळत नाही, विषय साबणापासून सूर्यापर्यंत सगळेच, असं दिसलं की मागं फिरा. शंका असेल तर प्राध्यापकांना विचारा.

आजपासून फुकट काय करता येईल?

देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन मोफत अभ्यासक्रम चालवते. चांद्रयानाची माहिती इस्रोने 'प्रदान' संकेतस्थळावर खुली ठेवली आहे. क्यूजीआयएस हे नकाशे वाचण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, त्यासाठी बीएस्सीचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. त्याची जाहिरात उन्हाळ्याच्या कितीतरी महिने आधी येते. मे महिन्यात चौकशी केली तर उशीर झालेला असतो.

आणि लोणार तर शेजारीच आहे. फक्त एक लक्षात ठेवा, विवर हे राष्ट्रीय भूवारसा स्थळ आणि अभयारण्य आहे. तिथला दगड खिशात घालून आणायचा नाही. वही न्या, फोटो काढा, कुठल्या थरात काय दिसतं ते लिहा. कॉलेजच्या प्रकल्पासाठी नमुना हवाच असेल तर कॉलेजमार्फत वन विभागाची रीतसर परवानगी घ्या. हा परवानगीचा कागद कसा मिळवायचा हे शिकणं, हाही या कामाचाच भाग आहे.