लॉख लेव्हनचा ट्राउट : एका मासेमारीचा इतिहास

स्कॉटलंडमध्ये सरोवराला ‘लॉख’ म्हणतात. किनरॉस परगण्यातील लॉख लेव्हन हे सुमारे १३ चौरस किलोमीटरचे सरोवर सर्वसामान्य वाचकाला माहीत असते ते तेथील बेटावरच्या किल्ल्यामुळे, कारण याच किल्ल्यात राणी मेरी स्टुअर्ट १५६७ पासून कैदेत होती आणि मे १५६८ मध्ये होडीतून निसटली. मासेमारीच्या इतिहासात मात्र या पाण्याचे महत्त्व वेगळेच आहे. होडीतून, कृत्रिम माशी वापरून ट्राउट हा मासा पकडण्याच्या कलेला शिस्तबद्ध रूप मिळाले ते प्रामुख्याने येथेच. आणि निसर्गाशी थेट नाते सांगणारी ही कला माणसाने बदललेल्या पाण्यावर बहरली, हे तिच्या इतिहासाचे मर्म आहे.

सरोवरातून निघणाऱ्या नदीवरील गिरण्यांना वर्षभर पाणी पुरावे आणि काठची जमीन शेतीखाली यावी, या हेतूने १८३० च्या सुमारास नवा कालवा खोदून व दरवाजे बसवून पाण्याची पातळी सुमारे दीड मीटरने उतरवण्यात आली. त्यामुळे सरोवराचे क्षेत्र जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटले. आज त्याची सरासरी खोली चार मीटरांच्या आतबाहेर आहे. अशा उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, वनस्पती, गोगलगायी आणि कीटकांच्या अळ्या विपुल वाढतात, आणि त्यांवर पोसलेल्या ट्राउटचे मांस गुलाबी व चविष्ट होते. पूर्वी हा मासा मुख्यतः जाळ्यांनी पकडून बाजारात जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे किनरॉसला पोहोचल्यावर शहरांतील हौशी मंडळी येऊ लागली, होड्या भाड्याने मिळू लागल्या आणि १८८० पासून येथे राष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या.

या पद्धतीचा आधार वारा आहे. नावाडी वल्ही मारत होडी वाऱ्याच्या उगमाकडे नेतो आणि तेथे ती वाऱ्याला आडवी करून सोडून देतो. वाऱ्याच्या रेट्याने ती संथपणे वाहत जाते आणि तिच्यात बसलेले दोघे समोरच्या, अद्याप न ढवळलेल्या पाण्यावर दोरी फेकतात. दोरीच्या टोकाशी आणि तिला काढलेल्या आखूड फाट्यांवर मिळून तीन-चार माश्या असतात. प्रत्येक माशी म्हणजे बारीक गळावर लोकर, चंदेरी तार आणि रानबदकाचे किंवा तित्तिराच्या जातीच्या पक्ष्याचे पीस रेशमी धाग्याने बांधून केलेले कीटकाचे रूप असते. दोरी ओढून घेताना शेवटी गळाची काठी उंच धरली, की सर्वांत वरची माशी लाटेच्या माथ्यावर थिरकत येते, आणि पुष्कळदा ट्राउट नेमका त्याच क्षणी उसळतो. पाणी आरशासारखे स्तब्ध असले तर मासा सावध होतो. म्हणून या मासेमारीला बेताची लाट लागते.

येथील ट्राउटला एकोणिसाव्या शतकात काही निसर्ग-अभ्यासक स्वतंत्र जात मानत. आज तो तपकिरी ट्राउटमध्येच मोजला जातो. सर जेम्स मेटलंड यांनी १८७० च्या दशकात स्टर्लिंगजवळ हाउईटाउन येथे उभारलेल्या मत्स्यबीज केंद्राने या माशाची अंडी थेट दक्षिण गोलार्धापर्यंत पाठवली. काश्मीरच्या नद्यांत आज आढळणाऱ्या तपकिरी ट्राउटचा उगमही विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधून आलेल्या बीजातच आहे.

परंतु ज्या उथळपणाने हे सरोवर समृद्ध केले, त्यानेच ते दुबळेही ठेवले. सांडपाणी, शेतातील खते आणि लोकर गिरणीचे सांडपाणी यांतून फॉस्फरस साठत गेला, आणि जून १९९२ मध्ये शेवाळाचा दाट तवंग पसरून मासेमारी संकटात आली. त्यानंतर काही वर्षे बाहेरून इंद्रधनुषी ट्राउट सोडण्यात आले; पुढे ते थांबवून मूळ ट्राउटवरच भर देण्यात आला, तसेच सरोवरात येणारा फॉस्फरस कमी करण्याचे काम पाणलोट क्षेत्रात झाले. निसर्गतः वाढणारा मासा टिकवायचा, तर होडी व गळ यांचे नियम पुरेसे पडत नाहीत. काठावरचे नांगर, गटारे आणि गिरण्या यांचीही जबाबदारी त्यात येते, असा निष्कर्ष या दोन शतकांच्या इतिहासातून निघतो.