मत्स्यटाकीतला कार्बन डायऑक्साइड : घंटेपासून रिॲक्टरपर्यंत

पाणवनस्पतींच्या मत्स्यटाकीत कार्बन डायऑक्साइड विरघळवणाऱ्या साधनांचा इतिहास जेमतेम अर्ध्या शतकाचा आहे; त्यामागचे विज्ञान मात्र बरेच जुने. प्राणवायू सोडण्यासाठी वनस्पतींना हा वायू लागतो, हे जिनिव्हाच्या जाँ सेनेबिए यांनी 1782 मध्ये दाखवले. वायूचा दाब जितका जास्त तितका तो पाण्यात अधिक विरघळतो, हा विल्यम हेन्री यांचा नियम 1803 चा. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 मध्ये मासे, व्हॅलिस्नेरिया आणि गोगलगायी एकत्र ठेवून ‘समतोल’ टाकीची कल्पना मांडली. त्यानंतर कित्येक दशके हौशी लोक माशांच्या श्वासातून मिळेल तेवढ्या वायूवर विसंबून राहिले. प्रत्यक्षात हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच कार्बन डायऑक्साइड उरतो. दाट लागवडीला वीस-तीस मिलिग्रॅम मानवतो.

वायू पाण्यात सोडणे सोपे, मुरवणे कठीण. पाण्यात त्याचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो, आणि नळीतून सुटलेला बुडबुडा क्षणार्धात वर येऊन फुटतो. त्यामुळे पुढची सगळी साधने एकाच खटपटीतून निघाली : बुडबुड्याला पाण्यात अडकवून ठेवायचे, नाहीतर इतका बारीक करायचा की वर पोचण्याआधीच तो संपावा.

सर्वांत साधे साधन म्हणजे पाण्यात उपडी ठेवलेली घंटा. तिच्यात साठलेला वायू खालच्या पृष्ठभागातून सावकाश विरघळतो. तिची खोड मात्र चटकन लक्षात येत नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात जात असतानाच पाण्यातला नायट्रोजन आणि प्राणवायू घंटेत शिरतात. काही दिवसांनी घंटा भरलेली दिसते, पण आत बहुतांशी हवाच असते. ती तिरकी करून रिकामी करावी लागते.

या क्षेत्रात जर्मनांनी पद्धतशीर काम केले. ‘डुप्ला’ या कंपनीशी संबंधित कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किप्पर यांनी 1980 च्या दशकात आपल्या पुस्तकातून सिलिंडर, तळ तापवणारी तार आणि खते यांची एकसंध रचना मांडली. ‘डेनर्ले’ कंपनीचे ‘फ्लिपर’ हे साधन त्याच परंपरेतले. त्याच्या नागमोडी खाचेतून बुडबुडा एकेक पायरी चढतो आणि वर पोचेपर्यंत आकसून टाचणीच्या डोक्याएवढा होतो. दिसायला ओबडधोबड, पण वायू वाया जात नाही. सिलिंडरऐवजी घरच्या घरी वायू तयार करणाऱ्या साखर आणि यीस्टच्या बाटलीत दाब फारसा तयार होत नाही; तिलाही अशीच साधने मानवतात.

जपानमध्ये दृष्टी वेगळी होती. सायकल शर्यतपटू आणि छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी 1982 मध्ये निइगाता येथे ‘एडीए’ ही कंपनी स्थापन केली. सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांनी चक्क सोडावॉटर टाकीत ओतून पाहिले होते. त्यांच्या टाकीत उपकरणही शोभेचे असावे लागे, म्हणून हाताने फुंकलेल्या काचेत सिरॅमिकची चकती बसवलेला डिफ्यूझर आला. सिलिंडरमध्ये 20 अंश सेल्सियसला वायूचा दाब 57 बारच्या आसपास असतो. रेग्युलेटर तो एक-दोन बारवर आणतो आणि चकतीतून धुक्यासारखे बारीक बुडबुडे सुटतात. चकतीवर शेवाळ चढले की बुडबुडे मोठे होतात आणि वायू वाया जाऊ लागतो, त्यामुळे ती वरचेवर ब्लीचमध्ये भिजवून स्वच्छ धुवावी लागते. साधन देखणे खरे, पण वायू वाचवण्यात जर्मन पायऱ्यांपुढे ते फिकेच.

टाकीबाहेर बसणारा कॅनिस्टर फिल्टर रुळल्यावर साधन टाकीबाहेर नेण्याची सोय झाली. बाहेरच्या उभ्या रिॲक्टरमध्ये पाणी वरून खाली येते आणि बुडबुडे त्याच्याविरुद्ध वर चढू पाहतात; दोन्ही वेग जुळले की बुडबुडा मधेच अडकून विरघळतो. पाणी नितळ राहते; किंमत मोजावी लागते ती फिल्टरच्या मंदावलेल्या प्रवाहात. नळीत बसणारा इनलाइन ॲटमायझर स्वस्त आणि आटोपशीर आहे, मात्र तो टाकीभर धुके पसरवतो. मोठ्या टाकीला रिॲक्टर आणि छोट्या टाकीला चकती, असा कल त्यातून पडला.

साधन कोणतेही असले तरी ते पुरेसे चालते की नाही, हे टाकीत टांगलेला ड्रॉप चेकर सांगतो. त्यात 4 अंश कार्बोनेट कठीणतेचे पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंग बदलणारा दर्शक असतो. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे सुमारे 30 मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे माशांना धोका. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, त्यामुळे वायू वाढवताना टप्प्याटप्प्याने वाढवून दरवेळी तेवढे थांबतात.