फोर्जेटसाहेबाचा कान

मंडळी, ताडदेवला फोर्जेट स्ट्रीट आहे. आपल्यापैकी कितीतरी जण तिथून जातात, पण हा फोर्जेट कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. आज आपण पोलीसप्रमुखाच्या अधिकाराबद्दल बोलतोय, तर त्याच्यापासूनच सुरुवात करू.

चार्ल्स फोर्जेट 1855 पासून मुंबईच्या पोलिसांचा कारभार पाहत होता. म्हणजे स्वतंत्र पोलीस कमिशनर हे पद यायच्या आधीची गोष्ट. ते 1864 साली आलं आणि पहिले कमिशनर झाले फ्रँक साउटर. तेव्हा हुद्दा लहान, पण माणूस भारी. तो इथेच वाढलेला, इथल्या भाषा इथल्यासारख्या बोलणारा. वेष पालटून बाजारात फिरायचा आणि लोक काय बोलतात ते ऐकायचा. त्याच्या वेषांतराच्या गोष्टी पुष्कळ आहेत, त्यातल्या काही तिखटमीठ लावलेल्याही असतील. पण कान हेच त्याचं खरं हत्यार होतं, हे नक्की.

मग आलं 1857. गव्हर्नर होते लॉर्ड एल्फिन्स्टन. मुंबईत गोरी फौज थोडी, देशी पलटणी जास्त. लष्करी अधिकाऱ्यांचा आपापल्या शिपायांवर पूर्ण भरवसा, आणि गंमत म्हणजे त्यांचा संशय शहरातल्या लोकांवर! फोर्जेटचं म्हणणं नेमकं उलट होतं: धोका आहे तो छावणीत. आता पोलिसाने लष्कराला असं सांगायचं म्हणजे काय, विचार करा.

सोनापुरात गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपाई जमतात, अशी खबर त्याला लागली. गंगाप्रसादला रातोरात उचलून बोलतं केलं. नंतर फोर्जेट स्वतः त्या घरात लपला आणि भिंतीच्या फटीतून बैठक ऐकली. पण नुसतं ऐकून भागणार नव्हतं. आपला शब्द लष्कर मानणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून मरीन बटालियनचे अधिकारी बॅरो यांनाच त्याने तिथे आणून बसवलं. त्यांनी फटीतून आपलीच माणसं पाहिली. मग कोण काय बोलणार?

बेत दिवाळीच्या सुमाराचा होता. दिवाळीच्या तोंडावरच, 15 ऑक्टोबर 1857 रोजी, एस्प्लनेडच्या मैदानात, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या भागात, मरीन बटालियनचा हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल गाडिया यांना तोफांच्या तोंडी बांधून उडवलं.

इथे आपण जरा थांबू. शहर वाचलं म्हणून शेठसावकारांनी फोर्जेटला पुढे मोठ्या रकमा भेट दिल्या. त्यांच्या दृष्टीने बरोबरच होतं. पेढ्या, गोद्या, जहाजं सगळं पणाला लागलेलं. पण सोनापुरातल्या त्या खोलीतलं बोलणं आपल्यापर्यंत येतं ते भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याच्या तोंडून. फोर्जेटने निवृत्तीनंतर पुस्तक लिहिलं, आणि पुढे मुंबईचेच एक पोलीस कमिशनर, एडवर्ड्स, यांनी पोलिसांचा इतिहास लिहिला. दोन्ही पोलिसांच्याच लेखण्या. हवालदाराने तो धोका का पत्करला, त्याला काय हवं होतं, याची नोंद घेण्याची गरज त्यात कुणाला वाटली नाही.

रस्त्याला नाव लागलं ते ऐकणाऱ्याचं. आम्ही काही वर्षांपूर्वी आझाद मैदानावर गेलो होतो. तिकडे क्रिकेट चालू होतं.